चार ट्रॅकवर ‘रिव्हॉल्व्हर’ कसा घडला

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘माझ्या लॅपटॉपवर शंभर ट्रॅक आणि वाटेल तेवढे इफेक्ट आहेत. १९६६ साली बीटल्सनी ‘रिव्हॉल्व्हर’ केला तेव्हा त्यांच्याकडे चारच ट्रॅक होते. तरी त्या अल्बमचा आवाज आजही ताजा वाटतो आणि माझं गाणं मात्र कालच्यासारखं वाटतं. कमाल यंत्रांची होती की माणसांची? आणि त्यातलं घरी काय करता येईल?’

मी टेपवर रेकॉर्डिंग शिकलो आणि पुढे संगणकावर आलो, त्यामुळे दोन्ही बाजू हाताखालून गेल्या आहेत. उत्तराचा गाभा आधीच सांगतो. ‘रिव्हॉल्व्हर’चा आवाज प्रामुख्याने मिक्सिंगमध्ये, म्हणजे मुद्रित झालेले ट्रॅक शेवटी एकत्र जुळवण्याच्या कामात, घडलेला नाही, तो टेपवर उतरतानाच घडला. गिटार कशी ऐकू येणार, ड्रम किती जवळ वाटणार, आवाजाला कोणता रंग असणार, हे सगळं रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी ठरलेलं असायचं आणि नंतर ते बदलता येत नसे.

आधी पार्श्वभूमी. बीटल्सच्या पहिल्या एलपीसाठी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात, दहाएक तासांत, दहा गाणी मुद्रित झाली होती. स्टेजवर वाजवतात तसं वाजवायचं आणि टेपवर घ्यायचं, एवढंच काम. १९६६च्या सुरुवातीला त्यांचा एक नियोजित चित्रपट बारगळला आणि वर्षानुवर्षं दौऱ्यांवर असलेल्या चौघांना अचानक तीन महिने मोकळे मिळाले. त्या सुट्टीत मॅकार्टनी लंडनमध्ये स्टॉकहाउझन या जर्मन संगीतकाराचं टेप-संगीत ऐकत होता, हॅरिसन सतार घोटत होता, लेनन घरच्या टेपरेकॉर्डरशी खेळत होता. ६ एप्रिलला ते लंडनच्या अ‍ॅबे रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत शिरले आणि २१ जूनला शेवटचं गाणं संपवून बाहेर पडले. या अल्बमवर २२०पेक्षा जास्त तास खर्च झाले. स्टुडिओ रेकॉर्ड कंपनीचाच होता, म्हणून एवढा वेळ मिळू शकला. आपल्याकडे शिफ्टच्या हिशेबात गाणी करणाऱ्यांना यातली चैन लगेच कळेल.

निर्माता जॉर्ज मार्टिन जुनाच होता, पण इंजिनिअर नवा होता. आधीचा इंजिनिअर नॉर्मन स्मिथ बढती मिळून निर्माता झाला आणि त्याच्या जागी जेफ इमेरिक आला. वय अवघं वीस. ईएमआयमध्ये तांत्रिक विभागातली माणसं पांढरे कोट घालून वावरत, मायक्रोफोन वाद्यापासून किती लांब ठेवायचा याचे नियम ठरलेले असत आणि ते मोडले तर जाब द्यावा लागे. इमेरिकने ते पहिल्याच आठवड्यात मोडले. रिंगोच्या बास ड्रमचा माइक ठरलेल्या अंतरावरून उचलून त्याने साधारण तीन इंचांवर आणला, ड्रमच्या आत चार गळ्यांचा एक जुना लोकरी स्वेटर कोंबला आणि तो आवाज फेअरचाइल्ड ६६० लिमिटरमधून, म्हणजे आवाजाची पातळी मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रातून, चांगला दाबून टेपवर घेतला. ड्रमची घुमणारी शेपटी गेली आणि छातीवर बसणारा ठोका उरला. आज प्रत्येक जण बास ड्रममध्ये उशी नाहीतर घोंगडी कोंबतो, म्हणून त्याचं काही वाटत नाही. त्या इमारतीत मात्र यासाठी परवानगीची चिठ्ठी घ्यावी लागली, असं इमेरिकने पुढे सांगितलं आहे.

आता चार ट्रॅकचा हिशेब समजून घेऊ, कारण सगळं त्यावर उभं आहे. स्टूडर जे-३७ या यंत्रावर एक इंच रुंदीची टेप चाले आणि तिच्यावर चार समांतर पट्टे. समजा ड्रम, बास आणि गिटार एकत्र वाजवून एका ट्रॅकवर घेतले, दुसऱ्यावर आणखी एक गिटार किंवा पियानो, तिसऱ्यावर गाणं, चौथ्यावर कोरस. चारही भरले. अजून काही हवं असेल तर या चारांचं मिश्रण करून ते दुसऱ्या यंत्रावर एक-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि उरलेल्या जागेत नवं भरायचं. प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढते आणि वरचे तीव्र स्वर थोडे मंदावतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, एकदा उतरवल्यावर ड्रम आणि बास यांचं प्रमाण कायमचं ठरतं. चार दिवसांनी वाटलं की बास जरा वर हवा होता, तर उपाय नाही. म्हणून त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला, हे गाणं शेवटी कसं ऐकू येणार आहे, याचं चित्र आजच, आत्ता मनात तयार ठेवावं लागे.

हे सगळ्यात टोकाला गेलेलं दिसतं ते पहिल्याच दिवशी सुरू झालेल्या गाण्यात. टेपच्या डब्यावर त्याचं कामचलाऊ नाव ‘मार्क वन’ असं होतं, अल्बमवर ते ‘टुमॉरो नेव्हर नोज’ नावाने शेवटचं गाणं म्हणून आलं. शब्द लेननने तिबेटी मृत्युग्रंथावर आधारलेल्या एका पुस्तकावरून घेतलेले. सगळं गाणं जवळपास एकाच सुरावर उभं आहे. तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला त्यात काही वेगळं वाटत नाही, पण तीन-चार कॉर्डवर चालणाऱ्या पॉप संगीतात हे धाडस होतं. लेननची मागणी अशी की, डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणत आहेत तसा माझा आवाज यायला हवा. असल्या मागणीला बटण नसतं. तांत्रिक विभागातल्या केन टाउनझेंडने हॅमंड ऑर्गनबरोबर येणाऱ्या लेस्ली स्पीकरची जोडणी बदलली आणि लेननचा आवाज त्यातून सोडला. लेस्लीच्या लाकडी पेटीत आवाज बाहेर फेकणारा भाग गरागरा फिरत असतो. आवाज कधी तुमच्याकडे येतो, कधी दूर जातो, आणि त्याबरोबर सूर किंचित चढतो-उतरतो. पेटीसमोर माइक ठेवून ते टेपवर घेतलं. गाण्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात लेननचा आवाज दुसऱ्याच कुठल्या तरी लोकातून येतो, तो यामुळे.

पण त्या गाण्याचा खरा जीव टेपच्या वेटोळ्यांत, म्हणजे लूपमध्ये आहे, आणि ते काम जरा जवळून बघण्यासारखं आहे. टेपरेकॉर्डरमध्ये साधारणपणे तीन हेड असतात: आधी पुसणारं, मग लिहिणारं, मग वाचणारं. मॅकार्टनीने घरच्या ब्रेनेल यंत्रावरचं पुसणारं हेड निकामी केलं. टेपचा छोटा तुकडा कापून त्याची टोकं जोडली की तो गोल गोल फिरत राहतो. पुसणारं हेड नसल्यामुळे प्रत्येक फेरीत जुन्यावर नवा आवाज बसत जातो आणि काही फेऱ्यांनंतर टेप काठोकाठ भरते. मूळ वाद्य ओळखू येत नाही, उरते ती फक्त एक जाड, दळदार पोत. असे लूप तो पिशवीत घालून स्टुडिओत घेऊन आला. वेग वाढवला, कमी केला, उलटं फिरवलं आणि त्यातले पाच निवडले. गाण्यात समुद्रपक्ष्यांचा कलकलाट वाटतो तो आणि एक वाद्यवृंदाचा स्वर हे दोन सहज ओळखू येतात. मेलोट्रॉनमधून, म्हणजे पट्टी दाबली की टेपवर साठवलेला वाद्याचा आवाज देणाऱ्या वाद्यातून, घेतलेले आवाजही त्यात आहेत.

७ एप्रिलला हे पाच लूप गाण्यावर चढवायचे होते. एका खोलीत एवढी यंत्रं नव्हती, म्हणून इमारतीतल्या वेगवेगळ्या खोल्यांतली यंत्रं कामाला लावली आणि त्यांच्या तारा स्टुडिओ तीनच्या कन्सोलपर्यंत, म्हणजे आवाज मिसळण्याच्या टेबलापर्यंत, आणल्या. प्रत्येक यंत्रापाशी कोणीतरी पेन्सिल धरून उभा, वेटोळं पेन्सिलीभोवतून ताणून धरलेलं. ताण सुटला की सूर ढळणार. इकडे कन्सोलवर पाच फेडरवर पाच लूप अखंड चालू. फेडर वर केला की तो लूप गाण्यात येतो, खाली केला की जातो. कोणता, कधी, किती, हे हातांनी तिथल्या तिथे ठरवत एका ट्रॅकवर उतरवलं. म्हणजे त्या वेळी कन्सोल हेच वाद्य होतं आणि ते हार्मोनियमसारखं बोटांनी वाजवलं गेलं. जॉर्ज मार्टिन पुढे म्हणत की हे मिश्रण पुन्हा कधीच तसंच करता येणार नाही, आणि ते शब्दशः खरं आहे. लूप कुठल्या क्षणी कुठल्या जागी फिरत होते, हे त्या एका फेरीपुरतंच जुळून आलं होतं.

मी शिकवतो तेव्हा मुलांना पाव इंची टेपचा लूप बनवून तो पेन्सिलवर धरायला लावतो. सेकंदाला १५ इंच या वेगाने १५ इंचांचा तुकडा एका सेकंदात एक फेरी घेतो. लांबी म्हणजे वेळ, हे एकदा हाताला कळलं की संगणकावरच्या लूपकडेही ते वेगळ्या नजरेने बघतात.

उलट्या गिटारचंही तसंच. ‘आय’म ओन्ली स्लीपिंग’मधला तो उलटा सोलो नुसता टेप उलटी करून मिळालेला नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर जी सुरावट पडावी असं हॅरिसनला वाटत होतं ती आधी ठरवली गेली, मग ती शेवटाकडून सुरुवातीकडे लिहून काढली, तशी वाजवून घेतली आणि टेप फिरवून सरळ केली. ५ मेच्या रात्री काही सेकंदांच्या गिटारसाठी कित्येक तास गेले आणि सत्र पहाटेपर्यंत चाललं. ऐकताना प्रत्येक स्वर आत ओढून घेतल्यासारखा फुगत येतो आणि छाटल्यासारखा थांबतो, तरीही गाण्याच्या अंगाने जातो. आजच्या संगणकावर ‘रिव्हर्स’ दाबून जे मिळतं ते बहुतेक वेळा नुसतंच विचित्र असतं. फरक आहे तो आधी लिहून काढण्यात.

टेपचा वेग हे तर त्यांचं रोजचं हत्यार झालं. याच सत्रांत झालेलं, पण सिंगलवर आलेलं ‘रेन’ ऐका. वाद्यमेळ वेगाने वाजवून घेतला आणि टेप हळू फिरवली. त्यामुळे ड्रम आणि गिटार जड, ओले, मोठ्या आकाराचे वाटतात. हळू वाजवलेले ड्रम आणि हळू केलेले ड्रम यांत खूप फरक असतो, कारण वेग उतरवला की प्रत्येक ठोक्याची घडणही लांबते. त्याच सिंगलच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे ‘पेपरबॅक रायटर’ला, बास गिटार इतकी पुढे येण्यामागे आणखी एक उलटापालट आहे. टाउनझेंडने एक मोठा लाउडस्पीकर बासच्या स्पीकरसमोर ठेवला आणि त्यालाच माइक म्हणून वापरलं. स्पीकर आणि डायनॅमिक माइक यांची रचना मुळात एकच, फक्त कामाची दिशा उलटी. मोठा पडदा असल्यामुळे तो खालचे खर्ज स्वर भरपूर उचलतो.

आवाज मिक्सिंगमध्ये घडला नाही, या माझ्या सुरुवातीच्या विधानाला असलेला मोठा अपवाद आता सांगतो. लेननला आपला आवाज दुहेरी लागायचा, पण तेच गाणं तंतोतंत पुन्हा गायचा त्याला मनस्वी कंटाळा होता. त्यावर टाउनझेंडने कृत्रिम दुहेरीकरण शोधून काढलं, ज्याला एडीटी म्हणतात. टेपवरचा आवाज एका हेडवरून थोडा आधी उचलायचा, दुसऱ्या यंत्रावर मुद्रित करून लगेच वाचायचा आणि त्या यंत्राचा वेग ऑसिलेटरने कमी-जास्त करत मूळ आवाजापासून काही मिलिसेकंद मागेपुढे ठेवायचा. फार जवळ आणलं तर आवाज पोकळ होतो, फार लांब नेलं तर प्रतिध्वनी ऐकू येतो. मधल्या एका अरुंद जागेत दोन गायक गात असल्याचा भास होतो. वेगाची मूठ हाताने सतत किंचित हलवत राहायची, म्हणून ते अंतर स्थिर नसतं आणि त्यामुळेच ते जिवंत वाटतं. हे बहुधा मिक्सच्या वेळी होई. पण तेही हातांनी, चालू टेपवर, आणि त्या वेळी जसं वठलं तसंच कायम राही.

तंत्राच्या नादात ‘एलेनॉर रिग्बी’ विसरू नका. त्यात बीटल्सपैकी कोणी एकही वाद्य वाजवलेलं नाही. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो, आणि मार्टिनने लिहिलेली रचना. २८ एप्रिलला वादक आले. प्रत्येकी नऊ पौंडांची बिदागी. इमेरिकने माइक तारांना जवळजवळ चिकटवले, तसे वादक अस्वस्थ होऊन खुर्च्या मागे सरकवू लागले. इतक्या जवळ माइक आला की गजाची खरड, तारेवरचा दाब, सगळं उघडं पडतं. मार्टिनने वादकांकडून सूर कंपन देऊन आणि कंपनाशिवाय असे दोन्ही प्रकारे वाजवून घेतले. गाण्यात कोरडा, सरळ सूर आहे. गज आपटल्यासारखा तो तुटक ठेका आणि एकाकी माणसांचं ते गाणं, दोन्ही एकमेकांना शोभतात. मोठ्या हॉलचा गुंजारव दिला असता तर हेच गाणं गोड आणि साधारण झालं असतं, असं माझं ठाम मत आहे.

मराठी वाचकाचे कान टवकारतील अशी जागा म्हणजे ‘लव्ह यू टू’. आधीच्या वर्षीच्या अल्बममध्ये एका गाण्यात सतार होती, पण ती गिटारच्या जागी बसवलेली. इथे हॅरिसनने गाण्याची बांधणीच आपल्याकडून घेतली: सुरुवातीला लयीशिवाय आलापासारखे स्वर, मग तबल्याचा प्रवेश आणि शेवटी द्रुत. तबला अनिल भागवत यांचा. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलचे अंगडी यांनी त्यांना संध्याकाळी मोकळे आहात का, असं विचारलं. कोणाबरोबर वाजवायचं हे दारात रोल्स-रॉइस येईपर्यंत त्यांना ठाऊक नव्हतं. हॅरिसनने सोळा मात्रांत, रविशंकरांच्या ढंगाने वाजवा, एवढं सुचवलं आणि बाकी त्यांच्यावर सोडलं. त्यांचं नाव अल्बमच्या वेष्टनावर छापलं आहे. आमच्या धंद्यात वादकांची नावं किती सहज गळतात हे पाहिलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं.

अल्बम ५ ऑगस्टला इंग्लंडमध्ये आला आणि सप्टेंबरमध्ये हॅरिसन रविशंकरांकडे शिकायला मुंबईत पोहोचला. दीड वर्षाने, जानेवारी १९६८मध्ये, तो पुन्हा मुंबईत आला आणि फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने आशिष खान, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया अशा कलावंतांबरोबर ध्वनिमुद्रण केलं. तिथे मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचं, यंत्र होतं. कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने दोन ट्रॅकचं यंत्र मागवलं. भिंती आवाज पुरेसा अडवत नव्हत्या, संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की टॅक्सींचा आवाज आत येई, असं हॅरिसनने सांगितलं आहे. त्याच सत्रांत बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चा वाद्यमेळ झाला आणि गायन लंडनमध्ये चढवलं. यंत्रांवर सगळं अवलंबून असतं, असं म्हणणाऱ्यांना मी हे गाणं ऐकवतो.

तरी यंत्रं बिनमहत्त्वाची होती, असंही मी म्हणणार नाही. व्हॉल्व्हवर चालणारा तो कन्सोल, ते लिमिटर, ती टेप, यांचा स्वतःचा एक रंग आहे. जास्त लेव्हल दिली की टेप आवाज फोडत नाही, त्याची टोकं गोलावते. पण त्याच यंत्रांवर, त्याच इमारतीत, त्या वर्षी इतर अनेक रेकॉर्ड झाल्या आणि त्यांपैकी बहुतेकींचा आवाज असा नाही.

तुमच्या घरच्या स्टुडिओसाठी सांगायचं तर, पुढचं एक गाणं चार ट्रॅकवर करा. खरोखर चार. ड्रम, बास आणि गिटार एकत्र मिसळून एका ट्रॅकवर पक्के करा आणि मूळ सुटे ट्रॅक पुसून टाका. हे पुसणं महत्त्वाचं आहे, ठेवलेत तर तुम्ही परत जाणार. गिटारला इफेक्ट द्यायचा तर वाजवतानाच द्या आणि तोच टेपवर, म्हणजे तुमच्या डिस्कवर, जाऊ द्या. वादकाला कानात तो रंग ऐकू येत असेल तर तो वेगळं वाजवतो, आणि हा फायदा नंतर चढवलेल्या इफेक्टने कधीच मिळत नाही. गाणं अर्ध्या सुराने वर, वेगाने वाजवा आणि सगळंच खाली आणा. सूर कायम ठेवून फक्त वेग बदलणारी सोय बंद ठेवा, दोन्ही एकदम उतरू द्यात. लूप वापरायचे तर त्यांना लयीच्या चौकटीत अडकवू नका, मोकळे फिरू द्या आणि फेडर माउसने नाही, हाताने चालवा.

ऐकण्याबद्दल शेवटचं. १९६६ साली चौघांनी मन लावून जे मिक्स करून घेतलं ते मोनो होतं, स्टिरिओ त्या मानाने घाईत उरकलं गेलं. म्हणून आधी मोनो ऐका. अमेरिकेतली जुनी प्रत हाती लागली तर तिच्यावरून मत बनवू नका. तिथे चौदाऐवजी अकराच गाणी होती आणि गाळलेली तिन्ही लेननची. त्यानंतर २०२२चं नवं मिक्स ऐका. जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स याने संगणकाकडून एकाच ट्रॅकवर मिसळलेली वाद्यं सुटी करवून घेतली आणि मग ती नव्याने मांडली. कानाच्या शिक्षणासाठी याहून चांगली सोय नाही. ‘टॅक्समन’पासून सुरुवात करा. मूळ टेपवर त्याचे ड्रम, बास आणि गिटार एकाच ट्रॅकवर आहेत. आधी मोनोमध्ये ते तिघं एकमेकांना कसे धरून आहेत ते ऐका, मग नव्या मिक्समध्ये सुटे ऐका. इमेरिकने त्या दिवशी तिघांचं प्रमाण किती अचूक ठरवलं होतं, ते तुमच्या कानांना तिथे कळेल.